सारिकाचा बोर्डाचा फॉर्म

"मॅडम, सारिकाचा फॉर्म भरू नका. हजेरी कमी हाय म्हणा, विषय संपला."

दादाराव आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. पण ऑफिसचं दार लोटून ते हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हाच मी सावध झाले. मी कन्नड शहराजवळच्या एका गावातल्या सरकारी हायस्कूलची मुख्याध्यापिका.

आधी आमचं दुखणं सांगते. शाळेत नाव असलेल्या मुलांच्या संख्येला आम्ही पट म्हणतो. पटावरून शिक्षक मंजूर होतात. पट घसरला की आधी शिक्षक जातो, मग वर्ग जातो. आमचा पट अगदी काठावर. रोज सकाळी कन्नडच्या इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन गावात हॉर्न वाजवायची आणि आज कोण चढलं, या धास्तीनं मी गेटवर उभी राहायची. पालकांना दाखवायला आमच्याकडे एकच गोष्ट होती. स्टँडवरचा बॅनर: दहावीचा निकाल शंभर टक्के.

आणि सारिका गणितात जाणार, हे सारिकासकट सगळ्यांना माहीत होतं. तिच्या घरी मेंढरं. आईबाप कळपामागं गेले की ती चुलतीकडे राहायची. मधूनच तिलाही जावं लागायचं, म्हणून हजेरी कमी.

"पट मोजून झाला, तिचं नाव त्यात धरलं," दादाराव म्हणाले. "आता कशाला निकाल पाडून घेता? बॅनर गेला की पोरं गेली. मग शाळा बंद. आमच्या पोरींनी जीपला लटकून कन्नडला जायचं का?"

ते खोटं बोलत नव्हते, मलाही भीती त्याचीच होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कमी हजेरी माफ करा, अशी शिफारस मुख्याध्यापकाला करता येते. नाही केली तर कुणी विचारतही नाही.

मी सारिकाला बोलावलं.

"यंदा परीक्षेला नाही बसलीस तर?"

"मेंढरामागं, मॅडम. बाप म्हणतोय, लई झाली शाळा."

मग तिनंच विचारलं, "अन् बसून नापास झाले तर?"

"जुलैत गणित परत देता येतं."

"मंग भरा की."

शेवटच्या तारखेला शिफारस लिहिली, फॉर्म भरला. सबमिट दाबलं.

सारिका गणितात गेली. बाकी सगळी पास. बॅनर लागला नाही. दादाराव माझ्याशी बोलेनासे झाले. सुट्टीभर मला धड झोप नव्हती. शाळा बंद पाडणारी मुख्याध्यापिका म्हणून गाव मला लक्षात ठेवणार होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. व्हॅन आली. आमची दोन मुलं माझ्यासमोर तिच्यात चढली.

तेवढ्यात सारिकाची आई आली. मागं तीन मुली, आठवी करून घरी बसलेल्या, सगळ्या त्यांच्याच वस्तीवरच्या.

"ह्यास्नी नववीत घ्या, मॅडम. सारिकी नापास व्हणार ठावं असून तुमी तिला हाकललं नाय. मंग ह्या बी निभतील इथं."

पट वाचला, यंदापुरता. बॅनर वाचून आमच्याकडे कोणी आलं होतं का, मला आठवत नाही. नापास होणाऱ्या मुलीचा फॉर्म भरल्याचं मात्र वस्तीला न सांगता कळलं.

जुलैत सारिकाचा गणिताचा पेपर आहे. ती निवांत आहे. धास्ती मलाच आहे.