खोका जागेवर, थर्माकोल गायब

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बोईसर परिसरात एकदा थर्माकोलची चोरी झाली होती. सोनं नाही, मोटारसायकल नाही, कारखान्यातली तांब्याची तारही नाही. थर्माकोल. कृपया हसू नये. त्या दिवशी ठाण्यात मीही आधी हसलो होतो, आणि तासाभरात माझंच तोंड कोरडं पडलं होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या पांढऱ्या तुकड्यासारखं प्रकरण पुन्हा पाहिलं नाही.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक पन्नाशीचे गृहस्थ ठाण्यात शिरले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अधिकारी, मूळचे किनाऱ्यावरच्या वाडीतले, बोलणं सभ्य. छातीशी टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू, बाळंतिणीनं बाळ धरावं तशी धरलेली. टॉवेल उघडला तर आत जुना व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडून खेळायचा, लाकडासारख्या पट्टीचा, दोन दांडे असलेला.

"हा चोरीला गेला होता का?" ठाणे अंमलदार असलेल्या आमच्या हवालदारांनी विचारलं.

"नाही. हा घरीच होता."

"मग काय गेलं?"

"याचा थर्माकोल."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "साहेब," ते माझ्याकडे वळले, "कलम कुठलं लावू?"

मी गृहस्थांना आत बसवलं, पाणी दिलं. मग कळलं ते असं. त्यांच्या मामानं आखातातून हा खेळ आणला, तेव्हा ते शाळेत होते. आईनं खोका, आतला थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या, वायरला बांधलेली बारीक तारसुद्धा जपून माळ्यावर ठेवली. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. वस्तू बिघडली तर परत न्यायला खोका लागेल, बदली झाली तर सामान बांधायला लागेल, म्हणून खोका टाकायचा नाही. माझ्या बदल्यांमध्ये आमचा टीव्हीदेखील स्वतःच्या खोक्यातूनच फिरला.

पण हे गृहस्थ पुढे अशा जुन्या खेळांचे संग्राहक झाले होते. "साहेब, यंत्र पुष्कळांकडे असतं," ते म्हणाले. "मूळ थर्माकोल कुणाकडेच नसतो. लोक पहिल्याच दिवशी फेकतात. त्याच्याशिवाय माझा संच अर्धा आहे. परदेशात नुसता थर्माकोलसुद्धा विकत घेतात."

त्यांनी किंमत सांगितली. हवालदारांनी पेन पुन्हा उचललं.

"संशय कुणावर?"

"रंगाऱ्यावर. काल माळा त्यानंच रिकामा केला. आणि खोक्याचा फोटो त्यानं मोबाईलवर काढला. मी स्वतः पाहिलंय."

त्यांनी रंगाऱ्याचं नाव सांगितलं आणि माझं हसू तिथेच विरलं. कारण त्याच नावाचा एक कागद माझ्या टेबलावर पेपरवेटखाली होता.

तारापूरच्या बाजूला प्रकल्पात ठेकेदाराकडे काम करायचं तर गेटपास लागतो, आणि गेटपाससाठी पोलीस पडताळणी. माणूस स्वच्छ आहे असा अहवाल ठाण्यानं पालघरला पाठवायचा, मग तिथून दाखला. या रंगाऱ्याला तिथे रंगकामाची कायमची संधी आली होती. ठेकेदाराची माणसं दुसऱ्या दिवशी आत जाणार होती. आमचा टपालाचा शिपाई दुपारी मोटारसायकलवर पालघरला निघणार होता. अहवालावर सही करायची, तर समोर चोरीची तक्रार. नाही करायची, तर बिचाऱ्याचं काम बुडालं. एकदा हुकलेला पास पुन्हा मिळवताना माणसाचे किती जोडे झिजतात, ते मी पाहिलं होतं. आणि तक्रारदाराचे 'वर' ओळखीचे लोक होते. दोन फोन येऊनही गेले होते.

रंगाऱ्याला बोलावलं. तिशीचा, उत्तरेकडचा, कानामागे पांढऱ्या रंगाचा ठिपका. खुर्चीवर बसायला तयार होईना. शेवटी बसला तो अगदी कडेला.

"फोटो काढला?"

"निकाला साहब।"

"का?"

"डिब्बे पे चित्र था। अंतरिक्ष का जहाज। सोचा किसी बच्चे के कमरे की दीवार पर बनाऊँगा।"

तक्रारदार उसळले. "बघा, बघा! खोक्यावर काय होतं तेही पाठ आहे याला!"

मोबाईल तपासला. फोटो एकच, आणि खरोखर फक्त चित्राचा. त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. चोराकडेही असाच फोटो सापडला असता, हीच तर पंचाईत. हवालदार खिडकीतून बाहेर बघत होते. टपालाचा शिपाई हेल्मेट पुसत उभा होता. त्याला मी थांबायला सांगितलं आणि रंगाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

"सुबह सब डिब्बे उतारे, हॉल में रखे। फिर छत घिसी। दोपहर को खाना खाने गया। शाम को वापस चढ़ाए।" तो थांबला. "साहब, एक बात। उतारते समय वो डिब्बा चूँ-चूँ करता था। चढ़ाते समय नहीं किया।"

थर्माकोल पुठ्ठ्याला घासला की कसा किरकिरतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी खुर्चीत सरळ झालो. खोटं बोलणारी माणसं काय पाहिलं ते रचून सांगतात, कोण आलं, कोण गेलं तेही सांगतात. रचलेल्या हकिकतीत आवाज मात्र क्वचितच असतो. तो सुचावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाला तो सुचत नाही. याचा अर्थ, खोका हॉलमध्ये पडलेला असताना आतला ऐवज गेला होता. आणि तेव्हा हा जेवायला गेलेला.

"घरात दुपारी कोण असतं?" मी तक्रारदारांना विचारलं.

"फक्त आमची मिसेस. पण ती कशाला...?"

"पंचनामा तर करायला हवाच," मी शक्य तितक्या रुक्ष आवाजात म्हटलं. रंगाऱ्यालाही सोबत घेतलं. जीपमध्ये तो कुणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात काहीतरी पुटपुटत होता. देवाचं नाव असावं.

वहिनींनी दार उघडलं. पोलीस पाहून घाबरल्या, ते ठीकच. पोलीस पाहून शेजारची मांजरंही घाबरतात. पण त्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलंच नाही. अगदी ठरवून. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात होते हां काल दिवसभर." मग चहा, बिस्किटं, पुन्हा बिस्किटं. हवालदारांना तिसरं बिस्किट दिलं, तेव्हा पहिली दोन त्यांच्या बशीतच होती.

मी गप्पांच्या सुरात घर पाहत फिरलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नव्या मिक्सरचा खोका, अर्थातच जपलेला. उचलून पाहिला. हलका, आणि आवाज नाही.

"वहिनी, याचा थर्माकोल?"

"तो मावशीला दिला. मुरबे गावची मासळीवाली येते ना दारावर, ती आख्ख्या सोसायटीतला नेते. बर्फ टिकतो म्हणून मागून ठेवते, असेल तो देतो आम्ही..."

आणि त्या थांबल्या.

हॉलमध्ये तक्रारदारांच्या हातातला कप बशीवर टेकला. "अगं," ते हळूच म्हणाले, "माझासुद्धा?"

"खोका तिथेच पडलेला. यंत्र तुमचं काचेच्या कपाटात. रिकाम्या खोक्यात ते पांढरं कशाला, म्हटलं. काल तिनं पापलेटं छान दिली होती..." त्यांनी बिस्किटांची बशी पुन्हा उचलली. "आज सकाळी सांगणार होते. पण तोवर तुम्ही त्याचं नाव घेऊन मोकळे झाला होतात. मग वाटलं, थर्माकोलसाठी पोलीस थोडेच येतात! हसून घालवतील."

रंगारी दारातच उभा होता. मराठी सगळं कळत नसलं तरी एवढं त्याला कळलं. त्यानं भिंतीला हात टेकला.

मावशी शेजारच्याच इमारतीखाली सापडल्या. पाटीवरचं ओलं फडकं दूर केलं आणि आमचे हवालदार, ज्यांना मी वीस मढी पाहूनही न हललेलं पाहिलंय, चक्क "अरे देवा" म्हणाले. मधल्या मोठ्या खाचेत बर्फ आणि कोळंबी. दोन दांड्यांच्या दोन खाचांत एकेक पापलेट, मापाचं बेतल्यासारखं.

"मी चोरला नाय सायेब," मावशी कडाडल्या. "वैनीनं मना हातानं दिला हाय. इचारा तिला! आणि परत मागाल तं माजी मासली कशात ठेवू, तुमच्या टोपीत?"

तुकडा उलटा केला. तळाला शाळकरी अक्षरात बॉलपेननं कोरलेलं तक्रारदारांचं नाव. ओळख पटली. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, वास घेतला आणि डोळे मिटले. दुःखानं की वासानं, ते मी पंचनाम्यात लिहिलं नाही. मावशींना बदल्यात मिक्सरच्या खोक्याइतकाच मोठा नवा बर्फाचा डबा कबूल झाला, तेव्हाच त्यांनी पाटी डोक्यावर घेतली.

शिपायाला थांबवून ठेवा, असा मी तिथूनच ठाण्यात फोन केला आणि आम्ही परतलो. तक्रार मागे घेतल्याचा जबाब झाला, अहवालावर सही झाली, शिपाई पालघरला सुटला. संध्याकाळी दाखला तयार झाल्याचं आणि ठेकेदारानं त्यावर पासही करून घेतल्याचं कळेपर्यंत मात्र मला जेवण गेलं नाही.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. चोर शोधायला आम्ही पोलीस पुरेसे असतो. पण चोर नसलेल्या माणसाला वाचवायला घरातलं कुणीतरी वेळेवर बोलावं लागतं, आणि सभ्य घरांत नेमकं तेच सगळ्यांत उशिरा होतं. वहिनी वाईट नव्हत्या. त्यांना फक्त वाटलं की गप्प राहिलं तर विषय आपोआप मिटेल. मिटलाही असता; एका रंगाऱ्यासकट.

तक्रारदार मात्र माणूस म्हणून मोठे निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे, ठेकेदाराची गाडी निघायच्या आत, ते स्वतः बोईसरच्या नाक्यावर गेले. मीही योगायोगानं तिथेच चहा पीत होतो, असं समजा. त्यांनी रंगाऱ्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, सुट्टीच्या दिवशी येऊन घराचं राहिलेलं काम तूच पूर्ण कर, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.

रंगारी गाडीत चढता चढता वळला. गळ्यात नवा पास लटकत होता, तो त्यानं एका हातानं घट्ट धरलेला. आणि सगळ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या तोंडून निघून गेलं,

"आऊँगा साहब, ज़रूर आऊँगा! लेकिन माले का सामान भाभीजी अपने हाथ से उतारेंगी!"