पाय पुसून चढलो होतो

माझा शेजारी डब्याच्या छतावरून अंगठा फिरवायचा, डोळ्यांजवळ नेऊन पाहायचा आणि नाक मुरडून म्हणायचा, "अजून कोराच हाये बाप्पा." हे सुरू झालं की समजायचं, आज हा गडी उठत नाही. आपलाच चहा भिंतीपलीकडं न्यावा लागणार.

आर्णीत त्याच्या-माझ्या घरात एकच भिंत. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश वाळला. मग नागपूरच्या लेकीनं त्याला एक मशीन आणून दिली. प्लॅस्टिकची तार वितळवून, थरावर थर देत ती रेल्वेच्या मालगाडीचा डबा उभा करते. अर्ध्या वितीचा, पण चाकं आहेत, सरकणारं दार आहे. घरात छोटे रूळ मांडून अशा गाड्या चालवणारे हौशी लोक शहरात असतात म्हणे. तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटलं होतं.

मशीनमधून निघालेल्या डब्याच्या अंगावर वखरलेल्या वावरासारख्या रेघा असायच्या. त्या तो पॉलिश पेपरनं घासून मोडायचा, अस्तर द्यायचा, वर विटकरी रंग. असा देखणा व्हायचा की मी म्हणायचो, झालं! पण त्याचं खरं काम तिथून सुरू. चुलीची काजळी, फडक्यातून गाळलेली काळी माती, चहाचं पाणी. कडांवरून गंज ओघळवायचा, दार झिजवायचा. चांगल्या तरण्या डब्याला म्हातारा करून सोडायचा.

"कायले नासवून राह्यला बे?"

"नासवत नाही. चालवून आणतो."

एकदा ओल्या रंगाचे डबे अंगणात ठेवले, तर जिनिंग गिरणीकडून कापसाची तूस उडून येऊन चिकटली. गिऱ्हाइकाचा फोन आला, कापूस फारच खरा वाटतो, पुढच्या सगळ्यांना लावा. तेव्हापासून माझ्या उशीला भोक आहे.

आता माझंही सांगतो. मी चौथी नापास, पण यवतमाळच्या ठेसनावर अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत कापसाच्या गाठी भरल्यात. कामाच्या पहिल्या दिवशी समोर रंगवून आलेला कोरा डबा लागला. त्यातली पहिली गाठ माझी. आणि मी पाय पुसून आत चढलो. मुकादम हसला होता.

"हमाल कधी पाय पुसते का? फेकू नको बे," शेजारी म्हणायचा.

"पुसले होते!"

दर चहाला हे भांडण.

गेल्या दिवाळीच्या आधी तो बाजारात गेला होता. वरचा वार्निश मारायचा बाकी असलेले डबे ओट्यावर वाळत होते. त्याच्या बायकोची, म्हणजे वहिनीची, साफसफाई चालली होती. तिनं साबणाचा चुरा घेतला, ब्रश घेतला आणि एकेक डबा घासून आमच्या अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर उन्हात मांडला. तो आला आणि पिशवीच हातातून सुटली.

"अवं, हे काय केलं?"

"एवढे गचाळ डबे दिवाळीत ठेवू का जी? लख्ख केले ना!"

"तो मळ नव्हता! तो माझा धंदा होता!"

मी भिंतीपलीकडून हसत होतो. हसता हसता थांबलो. भिंतीवर ओळीनं विटकरी डबे चमकत होते. तोच रंग. पहिल्या दिवशीचा.

"यातला एक मले दे," मी म्हणालो. "असाच."

"मळवून देतो."

"असाच पाह्यजे."

"कोरा डबा माझ्या घरून जात नाही. लोक म्हणतील, याले काम येत नाही."

"मंग राहू दे."

त्याचा हट्ट, आणि माझा तर तुम्हाला ठाऊक नाही. चहा बंद झाला. त्यातच लेकीला बाळ झालं आणि तिनं आई-बापाला कायमचं नागपूरला बोलावलं. सामान भरताना मी बाहेर गेलो नाही. भिंतीला कान लावून होतो, ते वेगळं. टेम्पो सुरू झाला तेव्हा उठलो. मग पाहिलं, भिंतीवर एकच डबा. लख्ख, कोरा. छतावर एक डाग नाही.

मी जिंकलो. आल्यागेल्याला डबा दाखवू लागलो. असा होता, बरं का.

परवा सहज बोटानं दार सरकवलं. दार उघडलं. आतली जमीन काजळीनं काळवंडलेली, गाठी घासून झिजलेली, कोपऱ्यात माझ्या उशीचा कापूस. आणि दाराजवळ, आत जाणारे, ज्वारीच्या दाण्याएवढे दोन पावलांचे ठसे. काळ्या मातीचे.

लगेच फोन लावला.

"पुसले होते पाय!"

तिकडं बाळ रडत होतं. हा हसत होता. "दार उघडाले एवढे दिवस लागले बे?"

माझी सूनबाई फडकं घेऊन आली, म्हणाली, आतूनही पुसून देते. मी डब्याचं दार लावून घेतलं.