थोरलीच्या दुधातली किरणं

"कोण म्हणतंय माझ्या केळ्यात किरणं हायत? पुढं या. तोंड बघू दे मला."

केळीवाल्या मावशींनी गाडा आडवा लावून कोल्हापूरच्या गंगावेशीतला रस्ता अडवला होता. मागं एक टेम्पो, दोन रिक्षा आणि एक अख्खी वरात खोळंबली होती. वरातीतला बँडही गप्प झाला होता, कारण मावशींपुढं तो ऐकूच येत नव्हता. त्यांचं बोट होतं आमच्या शेजारच्या सरांकडं. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि इतके श्रोते त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले होते.

"मावशी, मी म्हणालो ते असं, की केळ्यात निसर्गतःच थोडी..."

"थोडी म्हंजे किती? डझनाला किती?"

पण हे प्रकरण केळ्यांपासून सुरू झालं नव्हतं. सुरू झालं होतं थोरलीपासून. थोरली म्हणजे माझ्या चुलत्यांची म्हैस. चुलते रोज संध्याकाळी आपल्या तीन म्हशी गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर आणून बांधायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात द्यायचे. कासेतून पेल्यात, पेल्यातून पोटात. पाणी घालायला मधे जागाच नाही. थोरलीच्या दुधाला असा फेस यायचा की पिणाऱ्याच्या ओठावर पांढरी मिशी चढायची. एका पैलवानानं त्या मिशीवर लग्न जमवलं असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो.

नव्वदीची अखेर होती ती. तिकडं वाळवंटात अणुचाचण्या झाल्या होत्या आणि पेपरात रोज किरणोत्सर्गावर काहीबाही छापून यायचं. त्या उन्हाळ्यात कोल्हापुरात अणुशास्त्रज्ञ नसलेला एकच माणूस उरला होता, आणि ते म्हणजे आमचे सर. ते नुसते शिकवायचे.

अशात थोरली नदीच्या घाटावर घसरली. पुढचा पाय भोपळ्याएवढा सुजला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड मोडलं असेल तर आशा सोडा. मग एक्स-रे काढला. हाड शाबूत निघालं, नुसता मुका मार. दुसरा कुणी असता तर त्यानं तो फोटो घरी नेऊन कपाटावर टाकला असता. पण आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशीला मोरपिसं लावून, शिंगं रंगवून गावभर मिरवतात. अशा गावातला माणूस आपल्या म्हशीच्या धडधाकट हाडाचा फोटो झाकून ठेवील होय? चुलत्यांनी तो कट्ट्यावरच्या खांबाला टांगला आणि मागं शंभरचा बल्ब लावला. थोरलीचा पाय असा निळापांढरा उजळला की जोतिबाच्या डोंगरावरनं लोकांनी हात जोडले.

पहिल्या दिवशी कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी रोजच्या गिऱ्हाइकांपैकी एका पेन्शनर काकांनी ओठाला लावलेला पेला तसाच थांबवला.

"किरणं आत गेली ती गेली," ते म्हणाले. "पण मग भाईर कुठनं येणार?"

सगळ्यांनी थोरलीच्या कासेकडं बघितलं. पेले खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर माशासुद्धा आल्या नाहीत. बाकीच्या दोघींचंही दूध कुणी घेईना, कारण त्या थोरलीच्या शेजारी बांधलेल्या.

वास लागल्यासारखा जनावरांच्या बाजारातला हेडी, म्हणजे दलाल, उगवला. त्यानं खाटकासारखी नजर टाकली आणि म्हणाला, ही असली म्हस दुसरं कोण घेणार, मी उपकार करतोय, उद्या सांजंला येतो. चुलते मनातून कबूल झाले होते. थोरली गेली तरच उरलेल्या दोघींचं दूध खपेल, असा त्यांचा हिशोब. पण चुलतीनं थोरलीला नेसरीच्या माहेराहून आणलं होतं, एवढंसं रेडकू असताना, टेम्पोत मांडीवर घेऊन.

"आधी मला न्या बाजारात," ती म्हणाली. "मग तिला."

आणि तडक जाऊन सरांना घेऊन आली.

सर कट्ट्यावर उभे राहून छान बोलले. बत्ती विझवल्यावर उजेड भिंतीत साठून राहतो का? तसंच हे. फोटो निघाला, किरणं संपली, दुधात काही उतरत नाही. लोकांनी माना हलवल्या आणि दूध न घेता घराकडं निघाले. त्यांना थांबवायला म्हणून सर घाईनं म्हणाले, अहो, थोडाफार किरणोत्सर्ग मातीतही असतो, केळ्यातही असतो, तुमच्यातही असतो. लोकांनी मातीचं आणि स्वतःचं सोडून दिलं. केळ्याचं तेवढं लक्षात ठेवलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी हा गाडा आडवा.

"बोलू नका," मावशींनी शेवटचं सांगितलं. "मोजून दावा. मी हितंच बसतो."

टेम्पोवाल्यानं विनवलं तेव्हा गाडा कडेला घेतला, पण मावशी हलल्या नाहीत. सर कॉलेजात जाऊन, तिथल्या मोठ्या सरांच्या हातापाया पडून, प्रयोगशाळेतलं मोजायचं यंत्र घेऊन आले. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, वायरीला एक नळी. बटण दाबलं.

टिक. टिक-टिक. टिक.

गर्दी चार पावलं मागं सरली. "अजून कशाला लावलंच न्हाई की ओ," कुणीतरी म्हणालं.

"तेच तर सांगतोय," सर म्हणाले. "हे इथं कायमच असतं. तुमच्या पणजोबांच्या वेळीही होतं."

मग नळी थोरलीच्या दुधाजवळ धरली. तसंच टिक-टिक. केळ्यांजवळ, तेच. मावशींनी एकेक फणा समोर धरून खात्री करून घेतली, वेलची केळी वेगळी लावायला लावली. चुलत्यांच्या पोटाजवळ धरली, तिथंही तेच. एवढ्या पोटात एवढंच, म्हणून लोक जरा नाराज झाले.

इथवर विज्ञान होतं. मग मंगळवार पेठेतला एक गडी पुढं आला, "मला लावा." योगायोगानं यंत्र सलग टिकटिकलं. तो मागं वळून म्हणाला, "बघा. मंगळवार पेठ."

या पेठेचं आणि शिवाजी पेठेचं वैर तालमीपासनं फुटबॉलपर्यंत. शिवाजी पेठेतल्यानं बाही सारली. त्याच्यापुढं यंत्र जेमतेम एकदा बोललं.

"परत लावा," तो म्हणाला. "आमचं एवढंच असणं शक्य न्हाई."

सर घसा फोडून सांगत होते की हे कधी कमी कधी जास्त येणारच, ह्याला अर्थ नाही. ऐकतंय कोण? शिवाजी पेठेतल्यानं थोरलीचा पेला रिचवला, वर दोन केळी हाणली आणि पुन्हा येऊन उभा राहिला. ते बघून मंगळवार पेठेनं दोन पेले मागितले.

"यानं काही वाढत नाही हो," सर म्हणाले.

"नसू दे की. तुम्ही लावून तर बघा."

पेन्शनर काका कुठल्याच बाजूचे नव्हते. त्यांनी गुपचूप पेला घेतला, डोळे मिटून संपवला आणि कुणी न मागता जाहीर केलं की आपण असं कधी बोललोच नव्हतो. थोडक्यात रांग अशी लागली की तिचं शेपूट रंकाळ्यात भिजत होतं. मावशींच्या गाड्यावर नुसता पाला उरला.

पुढं गल्लीत मोबाईलचा मनोरा आला, घराघरांत मायक्रोवेव्ह आला, आणि दर वेळी भीतीची लाट आली. पण आधी सरांना विचारायचं आणि मग भांडायचं, ही रीत त्या दिवसापासून पडली. आमच्याकडं हा क्रम म्हणजे मोठीच सुधारणा.

तर त्या संध्याकाळी त्याच गर्दीतनं वाट काढत हेडी आला. खांद्यावर दावं तयार. त्यानं चुलत्यांना विचारलं, "मग काय ठरलं थोरलीचं?"

चुलत्यांनी चुलतीकडं बघितलं. ती थोरलीपाशी उकिडवी बसून धार काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"रांगंत हुबं ऱ्हावा, पावणं," ती म्हणाली.