शून्यावरची गाठ

'कृतज्ञ' या शब्दाच्या पोटात 'जाणणे' आहे, हे आपण बहुधा विसरतो. केलेले जाणतो तो कृतज्ञ. हात जोडणे ही नंतरची गोष्ट. उपकार जाणणे तसे सोपे. आपला दोष ज्याने वेळेवर दाखवला त्याचे केलेले जाणणे मात्र कठीण, कारण तिथे आधी अहंकार आडवा येतो आणि बराच वेळ हलत नाही.

चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या वेंदुला शेबेस्तोवा यांना ही जाण दिली ती ओटाकर नोसेक यांनी. प्रयोगशाळेत दोघे शेजारी बसत. ओटाकर वयाने वडील, अंमळ वाकलेले, वरच्या खिशात सदैव एक बारीक पेचकस. विषय दोघांचा एकच: मेमरिस्टर. आपल्यातून किती वीज वाहून गेली याची आठवण आपल्या रोधातच जपणारा हा घटक; कृतज्ञतेला वस्तुरूप लाभावे तसा. तो सहजी हाती लागत नाही, म्हणून साध्या चिपा आणि कपॅसिटर जुळवून हुबेहूब त्याच्यासारखे वागणारे सर्किट रचायचे आणि त्याचे गणिती प्रतिरूप मांडायचे, हा त्यांचा उद्योग. अशा सर्किटाची पहिली कसोटी सरळ आहे. दाब आणि प्रवाह यांचा जो आडवा आठ पडद्यावर उमटतो, त्याच्या दोन पाकळ्यांची गाठ नेमकी शून्यावर पडली पाहिजे. दाब नाही तिथे प्रवाह नाही.

वर्षानुवर्षांच्या शेजारानंतरही दोघे परस्परांना 'तुम्ही'च म्हणत. त्या 'इंजिनिअरबाई', ते 'दोत्सेंटसाहेब'.

वेंदुलांना दोत्सेंट, म्हणजे सहयोगी प्राध्यापक, ही पदवी मिळायची होती ती एका जाहीर व्याख्यानावर, आणि ते व्याख्यान उभे होते एका आकृतीवर. मोजलेली रेघ आणि प्रतिरूपाची रेघ एकमेकींवर अशा बसल्या होत्या की वेगळ्या ओळखू येऊ नयेत. व्याख्यान आठवड्यावर आलेले असताना ओटाकर हातात कॉफीचे दोन पेले घेऊन आले आणि पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"सुंदर आहे, इंजिनिअरबाई. माझ्या सासूबाईंचे दात अस्सेच होते."

"अस्से म्हणजे कसे?"

"बसवलेले."

मग त्यांनी मापनयंत्रावरच्या एका बटणाकडे बोट दाखवले. बटण एसीवर होते. त्या स्थितीत यंत्र येणाऱ्या दाबातला स्थिर भाग गाळून टाकते आणि रेघ कुठेही असली तरी मध्यावर आणून ठेवते. कधीतरी बारीक तरंग पाहण्यासाठी वेंदुलांनीच ते तसे केले होते आणि परत फिरवायचे राहून गेले होते. ओटाकर यांनी बटणाला हात लावला नाही. ते वेंदुलांनीच दाबले. गाठ शून्यावरून निसटून खाली उजवीकडे जाऊन बसली.

"हे आधी नाही का सांगायचं, दोत्सेंटसाहेब?" त्यांचा आवाज चढला होता.

"आज पाहिलं, आज सांगितलं. आठवड्यानं समितीनं सांगितलं असतं. मी निदान कॉफी तरी आणलीय."

ती कॉफी वेंदुलांनी घेतली नाही. दुपारभर त्या सर्किट तपासत राहिल्या. शेवटी दोष शोधून काढला. गुणाकार करणाऱ्या चिपेच्या तोंडाशी एक क्षुल्लक दाब शिल्लक राहत होता, तोच गाठ ओढून नेत होता. तो मारण्यासाठी त्यांनी एक ट्रिमर, म्हणजे स्क्रूने कमीजास्त करता येणारा रोध, बसवला आणि त्याचा स्क्रू फिरवायला ओटाकर यांच्याकडे पेचकस मागितला. ओटाकर यांनी तो मुठीकडून पुढे केला. हळूहळू गाठ शून्यावर आली, या खेपेस खरीच.

व्याख्यानात वेंदुलांनी दोन्ही आकृत्या दाखवल्या, सरकलेलीही आणि सावरलेलीही. तो शिल्लक दाब त्यांनी प्रतिरूपातही घेतला होता. समितीने नेमके त्याबद्दलच विचारले. उत्तर तयार होते. पदवी मिळाली.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतच मोरावियाची वाइन आणि पावावर मांडलेली सलामी असा बेत होता. पेला उचलून वेंदुला म्हणाल्या, "ओटो, आता मला तू म्हण."

ओटाकर यांनी आपला पेला त्यांच्या पेल्याला टेकवला. पण लगेच प्यायले नाहीत. "इतकी वर्षं वाट पाहिली मी. बाईमाणसानं आधी म्हणायचं असतं ना."

"आणि मी समजत होते, वडील माणसानं आधी म्हणायचं असतं."

"म्हणजे बटण आपलंही एसीवरच राहिलं होतं, वेंदुला."

जे स्थिरपणे होतेच, तेच तेवढे दिसत नव्हते.

ओटाकर यांना जाऊन आता काही वर्षे झाली. ते सर्किट खिडकीजवळच्या फळीवर आहे. ट्रिमरचा स्क्रू हलू नये म्हणून त्यांनी त्यावर टाकलेला लाल लाखेचा थेंब अजून तडकलेला नाही. वेंदुला यांच्या खिशात तो पेचकस असतो. त्या खोलीत कुणी नवी आकृती दाखवली, की पहिला प्रश्न येतो, "नोसेक बघितला का?" विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी ओटाकर यांना पाहिलेले नाही. ते बटण मात्र प्रत्येकजण पाहतो.