तोरकांची डावी बाजू

तोरक नावाचे लोक कुठेच राहत नाहीत. ते आम्ही पाच जणांनी उल्हासनगरात, जीन्सच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तयार केले. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बदलापुरातल्या आमच्या सोसायटीत अजूनही काही जणींना वाटतं की मी सुट्टीच्या दिवशी कुठल्या तरी महाराजांच्या सत्संगाला जाते.

त्या कारखान्यात मी लेबलं डिझाइन करते. पँटच्या मागे कमरेवर चामड्याचा तुकडा असतो ना, त्यावरचे घोडे, गरुड आणि कवट्या ही माझी कला. शेठ सिंधी, माझ्याच वयाचे, पोट सुटलेले, पाण्याचा ग्लाससुद्धा कधी स्वतःच्या हाताने न उचलणारे. एका लेबलासाठी त्यांना परग्रहावरचा योद्धा हवा होता. मी काढून दिला. ते बराच वेळ चित्र बघत बसले आणि म्हणाले, "मॅडम, ये बंदा खाता क्या है? याचं घर कुठे आहे?"

असं कुणी विचारल्यावर गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं घर सांगितलं, मग गाव, मग अख्खा ग्रह. कटिंग मास्टर डबा घेऊन ऐकायला बसले. शेठची कॉलेजात जाणारी मुलगी बसली. बघता बघता आम्ही चौघं दर सुट्टीच्या दिवशी तोरक होऊन भेटायला लागलो. टेबलावर डेनिमच्या कापलेल्या तुकड्यांचा नकाशा, त्यावर फासे, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर आपापल्या कुळाची शिवलेली पट्टी.

लढवय्ये म्हटलं की लोकांना आरडाओरडा हवा असतो. शेठच्या मुलीलाही आरोळ्या हव्या होत्या. मी साफ नाही म्हटलं. तोरकांच्या ग्रहावर वारा कधी थांबतच नाही, तिथे ओरडून कुणाला ऐकू जाणार? ते एकमेकांच्या खांद्याला हात लावून बोलतात. शत्रूचं नाव घ्यायचं झालं तर उठून उभे राहतात. जिंकलेल्याने हरलेल्याच्या घरी जाऊन स्वयंपाक करायचा, ही शेठची भर. त्यामुळे शेठ जिंकले की आपला आचारी पाठवायचे आणि आम्हाला दाल पकवान मिळायचं, आणि खरं सांगते, आम्ही कधी कधी मुद्दाम हरायचो.

तोरकांचा सगळ्यात मोठा कायदा मात्र माझा होता. तोरकाच्या उजव्या हातात शस्त्र असतं, म्हणून त्याची डावी बाजू उघडी पडते. तिथे जो उभा राहतो तो त्याचा 'डावा'. जखम झाली तर घरच्यांना सांगायची नाही. ती फक्त डाव्याला सांगायची, पण त्याला सगळी सांगायची, काही राखून ठेवायचं नाही. आणि डाव्याने ती कुणालाही सांगायची नाही. तोरक मरणाला भितात, आपल्यासारखेच भितात. पण घरच्यांवर ओझं व्हायला ते त्याहून जास्त भितात. मला हे लोक फार आवडायचे. वेडे होते, पण माझे होते.

माझे बाबा यात आले ते मला सोडायला. मूळचे अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे, शेतं गेली आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कंपनीत बाबा कामाला लागले. बॉयलरवर उभं आयुष्य गेलं. आई गेल्यावर मी त्यांना बदलापूरला माझ्याकडे आणलं. तिथे त्यांचा वेळ जाईना. एकदा माझ्यासोबत रिक्षाने आले, कोपऱ्यात स्टुलावर बसले आणि तासाभराने म्हणाले, "ही कसली लढाई? सगले बसल्यात." त्याच्या पुढच्या सुट्टीला त्यांनी विचारलं, की मागच्या रांगेतला माणूस पडला तर पुढच्याला कळतं कसं. त्याच्या पुढच्या सुट्टीला त्यांच्या खांद्यावर पट्टी होती.

आमच्यात सगळ्यात अस्सल तोरक तेच निघाले. आम्ही चहा प्यायला उठलो की तोरकपण टेबलावर ठेवून उठायचो. बाबा ते घरी घेऊन यायचे. सोसायटीत ज्यांच्याशी पार्किंगवरून भांडण होतं, त्यांचा विषय निघाला की बाबा खुर्चीतून उठून उभे राहायचे. मला हसू यायचं आणि भरूनही यायचं. त्यांचा डावा होते शेठ. दर सुट्टीला खेळाआधी दोघं मागच्या गॅलरीत जाऊन काहीतरी कुजबुजायचे. मला वाटायचं, डावपेच चाललेत.

मे महिन्यात बाबा घरात मोजे घालून फिरायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, "फरशी गार लागतंय." बदलापुरात, मे महिन्यात! उन्हाने आमच्या गॅलरीतली तुळस करपली होती. बाबांना साखर होती, गोळ्या चालू होत्या, हे सगळं मला माहीत होतं. पण मोज्याचा आणि साखरेचा संबंध डोक्यात आला नाही.

एका सुट्टीला मी लेबलाचे नमुने ठेवायला खाली थांबले आणि नेहमीपेक्षा लवकर वर गेले. गॅलरीचं दार उघडं होतं. बाबा स्टुलावर बसले होते. शेठ खाली फरशीवर मांडी घालून बसले होते आणि बाबांचा उजवा पाय त्यांच्या मांडीवर होता. शेजारी कापूस, मलम, पट्टीचं बंडल. स्वतःचा ग्लास न उचलणारा माणूस माझ्या बापाच्या पायाची जखम पुसत होता, तीही इतक्या हलक्या हाताने की मी क्षणभर बघतच राहिले. मग मला करंगळी दिसली. ती काळी पडली होती.

मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खाली ओव्हरटाइमला आलेल्या बायकांनी मशीन थांबवली होती, एवढं सांगते. शेठ उठले, हात पुसले आणि खाली मान घालून म्हणाले, "मैंने बोला था काकांना, डॉक्टर को दिखाओ. हर बार बोलता था. लेकिन तुम्हाला कसं सांगणार? मी डावा आहे त्यांचा."

"अहो शेठ, खेळ आहे तो!"

"तुम्हीच तर म्हणता, मॅडम, खेळ नाही. समाज आहे."

तोपर्यंत बाबांनी मोजा चढवला होता.

आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत, लिहिताना मात्र एकेरी लिहायला हात धजत नाही. त्या दिवशी रिक्षात मी त्यांना म्हटलं, "बाबा, तू उद्या माझ्यासोबत डॉक्टरकडे येणार." ते बाहेर बघत म्हणाले, "घरची गोष्ट नाय ही." बदलापूर गावात आमचे ओळखीचे डॉक्टर आहेत. त्यांना मी एकटीच जाऊन भेटले, जे दिसलं ते सांगितलं. ते म्हणाले, आत्ता आणलंत तर बोटावर भागेल, थांबलात तर पाऊल, आणि आणखी थांबलात तर मला विचारू नका. मी घरी येऊन रडले, ओरडले, न जेवता बसून राहिले. बाबांनी दार लावून घेतलं. पंच्याहत्तरीच्या माणसाला उचलून तर नेता येत नाही.

मग मला माझा मोठेपणा आठवला. तोरक माझे, कायदा माझा. मी सगळ्यांना मधल्याच वारी कारखान्यात बोलावलं. बाबा आले, कारण सभेला न येणं तोरकाला शोभत नाही. मी उभी राहून जाहीर केलं, "जखमेचा कायदा आजपासून रद्द."

बाबांनी शांतपणे नकाशावरून बोट फिरवलं. "तोरकांचा कायदा एकटी बाई मोडत नाय. सगल्यांनी उठावं लागतं. तूच केलंयस ते." कटिंग मास्टर उठले, पोरगी उठली, शेठही उठले. बाबा बसून राहिले. एक माणूस बसलेला असेपर्यंत कायदा हलत नाही, हेही मीच केलेलं. स्वतःच्या हुशारीचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

शेठ उभेच होते. त्यांनी खांद्यावरची पट्टी सोडायला सुरुवात केली. आम्हाला आधी कळेना. तोरकांमध्ये डाव्याने आपली जागा सोडणं याहून मोठी नाचक्की नाही. जो सोडतो त्याला पुन्हा कुठल्याच रांगेत उभं राहता येत नाही, तो कायमचा चुलीपाशी बसतो. आणि शेठना त्या पट्टीचा किती अभिमान! लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा कोटावर लावून गेले होते. बायकोने काढायला लावली म्हणून दोन दिवस घुश्शात होते. ती पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली, बाबांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "काका, मी तुमची बाजू सोडतो. माफ करना." त्यांचे डोळे भरले होते. हसायला कुणालाही सुचलं नाही.

डाव्यावाचून तोरक राहू शकत नाही. जागा रिकामी झाली की जो आधी येऊन उभा राहील तो डावा, मग तो घरचा असो की परका. हे शेठच्या लक्षात आधी आलं होतं, माझ्या लक्षात नंतर आलं. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि बाबांच्या डाव्या बाजूला उभी राहिले.

बाबांनी माझ्याकडे वर पाहिलं. मला वाटलं, आता हे उठून निघून जाणार. ते वाकले आणि मोजा काढायला लागले. मोजा चिकटला होता, निघता निघेना. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "थांब. माझं मी दावतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात होतो. बोट काढायचं ठरलं. शेठ तिथे सगळ्यांच्या आधी पोचले होते, मोठा डबा घेऊन. ते त्यानंतर आजपर्यंत रांगेत उभे राहिलेले नाहीत. आम्ही किती विनवलं, तरी कायदा म्हणजे कायदा. सुट्टीच्या दिवशी ते खालून सगळ्यांसाठी खायला घेऊन येतात, आणि वाढतात स्वतःच्या हाताने.

ऑपरेशनच्या आधी मी बाबांच्या खाटेपाशी बसले होते. हिरवा गाऊन त्यांना तोकडा होत होता. मी काहीच विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "डाव्याला सगलं सांगायचं असतं ना?"

"हो."

"तुझी आय मना सांगायची, दुखतंय. मी म्हणायचो, चल दवाखान्यात. ती नको बोलायची. तरी मी नेली. नेली ती परत आलीच नाय." ते छताकडे बघत बोलत होते. "म्हणून मी ठरवलं, दुखतंय असं बोलायचंच नाय. बोललं की नेतात."

आईच्या आजारपणात बाबा कधी तिच्याबद्दल बोलले नाहीत, आणि ती गेल्यावरही नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात कोरडा माणूस म्हणत आले होते. जखमेचा कायदा त्यांना आवडला तो लपवायला मिळतं म्हणून, असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं. पण त्या कायद्यात एका माणसाला सगळं सांगायची परवानगी होती, आणि ती त्यांना जन्मात दुसऱ्या कुणीच दिली नव्हती. मी त्यांचा हात धरला. वॉर्डबॉय आला आणि खाट ढकलत घेऊन गेला. बाबा मला म्हणाले, "जातंय." येतो म्हणाले नाहीत.

दुपारी त्यांना बाहेर आणलं. पायाला मोठं बँडेज, चेहरा सुकलेला, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, बोट गेलं, पाऊल वाचलं. मी खाटेपाशी उभी राहिले आणि वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "लय दुखतंय गो बाय."

एवढा आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झालेला नाही.