चक्कर थांबवायची गोळी

नंदाखाल गावचे एक निवृत्त शिक्षक रक्तदाबासाठी बरीच वर्षं माझ्याकडे यायचे. मी त्यांना सर म्हणायचे. मागच्या वर्षी त्यांची लेक त्यांना दंडाला धरून घेऊन आली. सर पाय घासत चालत होते. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, खुर्चीत बसल्यावर उजवा हात मांडीवर थरथरत होता. मेंदूच्या तज्ज्ञांनी कंपवात असल्याचं सांगून गोळ्या सुरू केल्या होत्या.

लेक म्हणाली, "डॉक्टर, झोपेची गोळी लिहून द्या. पप्पांना खोलीत कोणीतरी बसलेलं दिसतं. घाबरतात."

मी पेन उघडलं होतं. सवयीने आधीचा कागद पाहिला, तर ते बारावं औषध ठरणार होतं. मी काही लिहिलं नाही. "उद्या घरातली सगळी औषधं घेऊन या," म्हटलं. "फाइल राहू द्या, नुसती औषधं आणा."

दुसऱ्या दिवशी तिने बिस्किटांचा डबा टेबलावर रिकामा केला. पित्ताची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी चालू होती. मी एकेक पाकीट उचलून विचारत गेले: ही कशासाठी, कोणी दिली, कधीपासून, आणि ही सुरू झाल्यावर नवीन काय दुखायला-खुपायला लागलं? उत्तरं महिन्यांप्रमाणे कागदावर मांडली, तशी एक साखळी दिसू लागली. मी दिलेल्या रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजले होते. मी गावाला गेले असताना दुसऱ्या डॉक्टरांनी त्या सुजेवर लघवीची गोळी दिली. त्या गोळीने उठताना चक्कर येऊ लागली, म्हणून मी चक्करेची गोळी लिहिली होती. पंधरा दिवसांसाठी. ती आठ महिने चालू होती. म्हाताऱ्या माणसांत ती गोळी लांबली तर हात कापू लागतात, अंग ताठरतं. हे मला ठाऊक होतं. त्या थरथरीवर कंपवाताच्या गोळ्या आल्या, आणि त्यांनी नसलेली माणसं दिसू शकतात.

"सर, ही गोळी मी दिलेली," मी म्हटलं. "कदाचित तिच्यामुळेच हात कापतोय."

सर सावकाश म्हणाले, "पंधरा दिवस लिहिलं होतं ना? मग आम्ही वाचायला हवं होतं."

"तुम्ही दर महिन्याला माझ्यासमोर बसत होता. मी विचारायला हवं होतं."

तज्ज्ञांना फोन करताना मला संकोच वाटला, पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चक्करेची गोळी आधी थांबवायची आणि कंपवाताच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या, असं ठरलं. मी रक्तदाबाची गोळी बदलली. सूज ओसरली, मग लघवीच्या गोळीचं काम उरलं नाही. दर आठवड्याला सरांचा रक्तदाब बसवून आणि उभं करून तपासला. पित्ताच्या दोन्ही गोळ्या एकदम काढल्या, ती मात्र घाई झाली. छातीत जळजळ सुरू झाली आणि एक परत द्यावी लागली.

खोलीतली माणसं महिन्याभरात दिसेनाशी झाली. चालणं सुधारायला पाच महिने लागले. आता पाच औषधं उरली आहेत आणि सर रविवारी मिस्साला चर्चमध्ये एकटे चालत जातात. उजव्या हाताची थोडी थरथर राहिली आहे. ती खऱ्याच कंपवाताची की माझ्या गोळीची, हे त्यांनी मला एकदा विचारलं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं.