हरभऱ्याच्या कडेच्या दोन ओळी

“पाऊस कमी झाला म्हणून पीक बारीक, एवढं लिहा की साहेब. खोटं थोडंच आहे?” खडी क्रशरचा सुपरवायझर मला म्हणाला. खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी शेतकी खात्यात असिस्टंट होतो. मुळशीत घोटावड्याच्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी खडी फोडायचं मशीन बसलं होतं. त्याच्या शेजारी तान्हूबाईंचा हरभरा. ओढ्यापलीकडे त्यांचं दुसरं रान होतं आणि आता त्याला लागून दुसरं मशीन यायचं होतं. बाईंनी अर्ज केला, एक रान धुळीनं गेलं, दुसरं तरी राहू द्या. धुळीनं पीक खरंच घटलं का, ते मी मोजून सांगायचं होतं. मी नुसतं ‘पाऊस’ लिहिलं की मशीन बसणार.

मुळशी म्हटलं की लोकांना धो धो पाऊस आठवतो. तो पश्चिमेला, धरणाकडे. घोटावड्याला येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो आणि दिवाळीनंतर तर थेंब नाही. हरभरा जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर निघतो. पावसाळ्यात पानांवरची धूळ धुऊन जाते, पण या दिवसांत ती धुणार कोण? त्यातून हरभऱ्याच्या पानाला आंब सुटते, म्हणजे आंबट, चिकट पाणी. त्यावर धूळ बसली की थर धरतो. पानाला ऊन मिळत नाही, मग दाणा पोसत नाही.

हे सांगायला ठीक, पण पुरावा पाहिजे. ओढ्यापलीकडचा हरभरा चांगला होता, पण तिथली जमीन काळी. मशीनजवळची मुरमाड. आमचे साहेब लगेच म्हणाले असते, “फरक जमिनीचा आहे, धुळीचा कशावरून?”

मी मशीनजवळच्या रानात प्लॉट आखला आणि घाटे मोजायला बसलो. कडेच्या ओळी सोडायच्या, हा आमचा नियम. कडेच्या झाडांना ऊनवारा जास्त मिळतो आणि मोजणी फसते. तान्हूबाई बांधावरून बघत होत्या.

“ह्या दोन वळी का सोडल्या?”

“नियम आहे.”

“नियम ऱ्हाऊ द्या. ह्याच वळींवरनं मी रोज पहाटं फडकं फिरवतीया, आंब काढाया. कुणाचं पोट दुखलं की सगळी आळी आंब मागाया माझ्याच दारात येती. औंदा फडकं पिळलं की निस्ता चिखल निगतुया.”

“मग आतल्या ओळींवरून का नाही फिरवलंत?”

“आत पाय घातला तर झाडं मोडत्यात. बांधावरनं हात पोचंल तेवढंच. पर हितलं घाटं बघा तरी, साहेब.”

मला खरं तर रागच आला. मोजणी मी शिकलो होतो, बाई नाही. तरी चार घाटे फोडले. दाणे टपोरे. आतल्या ओळींतले फोडले, तर निम्मे पोचट. कडेचा फायदा असेल म्हणून समोरच्या बांधाच्या ओळी पाहिल्या. तिथे बाईंचं फडकं फिरलं नव्हतं. जमीन तीच, कड तशीच, पाऊस तोच. तिथेही पोचट. मी मनातल्या मनात कान धरले आणि चारी ओळी मोजल्या.

सुपरवायझर म्हणाला, “दोन ओळींवरून मशीन अडवता?”

“पुसल्या दोनच होत्या,” मी म्हणालो.

साहेबांनी रिपोर्ट वाचून कपाळाला हात लावला. “हे फडक्याचं लिहायचं? वरचे लोक हसतील.”

“हसू द्या. आकडे तर बघतील.”

पुटपुटत त्यांनी सही केली. ओढ्यापलीकडे मशीन आलं नाही. तान्हूबाईंचं ते रान वाचलं. मी महिनाभर ताठ मानेनं हिंडलो.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर आणखी एक अर्ज आला. टेकडीमागच्या एका धनगर कुटुंबाचा. पाटलाकडून लिहून घेतलेला, खाली अंगठा. दुसरं मशीन त्यांच्या रानाला लागून बसलं होतं. मी गेलो तोवर त्यांनी हरभरा उपटून मेंढरांना घातला होता. मोजायला काही उरलं नव्हतं.

मशीन कुठे नको, एवढंच मी लिहिलं होतं. मग ते कुठे जाणार, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक रिपोर्टात ‘मग ते कुठे जाणार’ याचा एक परिच्छेद जास्तीचा असायचा. साहेब लोक तो बहुतेक वेळा खोडून टाकत.